कांचनजंगाच्या माथ्यावरची लाली फोटोत पांढरी का येते?

सांदकफूला जाऊन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. "डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कांचनजंगाचा माथा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता, आणि फोटोत नुसता पांढरा ठिपका आलाय." कॅमेरा साधा असो की लाखभराचा, तक्रार तीच. पहिल्या खेपेला मीही असेच दोनशेच्या वर फोटो घेऊन पुण्याला परतलो. मी पाहिलेला रंग त्यातल्या एकाही फोटोत नव्हता. फार वाईट वाटलं, कारण त्या संपूर्ण ट्रेकमध्ये आकाश एकाच पहाटे उघडलं होतं.

त्यानंतर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वहीत नोंदी ठेवल्या. त्यातून कळलं ते असं, की चुका मोजक्याच आहेत, पण त्या एकमेकींच्या आड लपतात. एक दुरुस्त केली की मागची दिसायला लागते. म्हणून "एक्स्पोजर थोडं कमी कर" एवढ्या सल्ल्यावर कुणाचंच काम भागत नाही.

खालचं सगळं सांदकफू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. ही पश्चिम बंगालमधली सर्वांत उंच जागा, ३,६३६ मीटर. समोर साधारण ७० किलोमीटरवर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा, त्याच्या एका अंगाला कुंभकर्ण आणि दुसऱ्या अंगाला पंडिम. तिन्ही मिळून निजलेल्या बुद्धाची आकृती दिसते. टायगर हिल, कौसानी, मुनस्यारी इथेही कारणं तीच आहेत, फक्त दिशा आणि वेळा वेगळ्या.

आधी बिघडलेला फोटो तपासा

जुने फोटो पुसून टाकू नका, निदान त्यांच्यातूनच होतं. फोटो संगणकावर उघडा, माथ्यावरच्या सर्वांत उजळ जागी कर्सर न्या आणि लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आकडे बघा. एडिटिंगच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ते दिसतात.

तिन्ही आकडे २५५, म्हणजे जास्तीत जास्त, असतील तर माथा पूर्ण जळला आहे. तिथे आता काहीच उरलेलं नाही, एडिटिंगनेही रंग परत येणार नाही. फक्त लाल २५५ असेल आणि बाकीचे दोन खाली असतील, तर लाल चॅनल जळला आहे. हा बिघाड सर्वांत जास्त फसवतो, त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. तिन्ही आकडे २५५ च्या बरेच खाली आहेत आणि एकमेकांच्या जवळपास आहेत, म्हणजे बर्फ राखाडी-पांढरा आहे, तर एक्स्पोजर ठीक होतं. तिथे एकतर वेळ चुकली किंवा व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगाची झाक काढणाऱ्या सोयीने, रंग पुसला.

फोटो किती वाजता काढला तेही बघा. पुष्कळांचा प्रश्न इथेच सुटतो.

लाली येऊन गेली होती का?

मोबाइलवर सूर्योदयाची जी वेळ दिसते ती बहुधा समुद्रसपाटीवरच्या, मोकळ्या सपाट क्षितिजासाठी काढलेली असते. कांचनजंगाचा माथा साडेआठ किलोमीटर वर आहे. तिथून क्षितिज जवळजवळ पावणेतीन अंश खाली दिसतं, म्हणून सूर्य तिथे आधी पोचतो. नोव्हेंबरात या अक्षांशावर सूर्याला एक अंश वर यायला पाच मिनिटांच्या आतबाहेर वेळ लागतो. म्हणजे हिशोबाने माथ्यावर पहिला किरण मोबाइलवरच्या वेळेच्या बारा-तेरा मिनिटं आधी पडतो. पूर्वेकडचे डोंगर आणि क्षितिजावरचा धुरकटपणा यांनी तो थोडा पुढेमागे होतो, पण आधी पडतो हे नक्की. लॉजच्या अंगणात आपल्या तोंडावर ऊन येतं तेव्हा माथ्यावरचा गडद रंग उतरणीला लागलेला असतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे मोबाइल सूर्योदय ६ च्या सुमारास दाखवतो. म्हणजे पहिला किरण पावणेसहाच्या आसपास. त्याच्याही आधी, सूर्य माथ्यावर पोचण्यापूर्वी, पूर्वेच्या आभाळातून परतणाऱ्या प्रकाशाने बर्फावर फिकट गुलाबी छटा येते. ती हवी असेल तर ५ वाजून १० मिनिटांनी ट्रायपॉड उभा असला पाहिजे. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्याच दिवसांत मुंबईत सूर्य पावणेसातला उगवतो. आपल्याकडच्या सवयीने "सहाला उठू" म्हटलं की सगळं हुकलं.

सांदकफूला घड्याळाचाही एक घोळ आहे. ही वाट भारत-नेपाळ सीमेवरूनच जाते. तुमलिंगसारख्या वस्त्या तर नेपाळच्या हद्दीत आहेत. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला की वेळ आपोआप बदलू शकते. उलटही घडतं: लॉजमधल्या दाजूंनी (नेपाळीत थोरला भाऊ) नेपाळी वेळेने "सव्वासहा" सांगितलेलं असतं, तुमच्या मनगटावर भारतीय वेळ असते, आणि तुम्ही सव्वासहालाच बाहेर येता. तोवर रंग संपलेला असतो. मी आता मोबाइलवरची आपोआप वेळ बदलण्याची सोय ट्रेक सुरू होतो त्या मानेभंज्यांगलाच बंद करतो, आणि कुणी वेळ सांगितली की "नेपाळची की भारताची?" हे विचारून घेतो.

तोंड कुठे आहे?

सह्याद्रीत सूर्योदयाचा फोटो म्हणजे सूर्याचा फोटो. कळसूबाईवर किंवा राजगडावर आपण पूर्वेला तोंड करून उभे राहतो, डोंगरांच्या रांगांमागून लाल गोळा वर येतो, आपण तो टिपतो. हीच सवय हिमालयात घात करते. नोव्हेंबरात सांदकफूहून सूर्य पूर्व-आग्नेयेला उगवतो. कांचनजंगा जवळजवळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेलं. दोघांमध्ये काटकोनापेक्षा थोडं जास्तच अंतर आहे. पहाटे बरेचजण सूर्याकडे बघत उभे असतात, आणि खरा प्रसंग त्यांच्या डाव्या खांद्यामागे घडत असतो. सूर्यासाठी लावलेलं एक्स्पोजर तसंच ठेवून घाईने कॅमेरा वळवला की माथा एकतर काळा येतो नाहीतर पांढरा.

मकालू, ल्होत्से आणि एव्हरेस्ट वायव्येला आहेत. एव्हरेस्ट कांचनजंगाच्या सव्वा अंश पश्चिमेला असल्यामुळे तिथे ऊन काही मिनिटं उशिरा पोचतं. उंची जास्त असूनही त्याचा नंबर नंतर लागतो. म्हणजे आधी कांचनजंगा, मग डावीकडे वळून एव्हरेस्ट, हा क्रम ठरवून ठेवला तर दोन्ही मिळतात. कांचनजंगावर ऊन बाजूने येतं, म्हणून कडे आणि घळी उठून दिसतात. एव्हरेस्टवर ते जवळजवळ समोरून पडतं, त्यामुळे रंग मिळतो पण उठाव कमी.

माथा जळतो तो का?

आता मुख्य दुखणं. पहाटेच्या फ्रेममध्ये उजळलेला माथा किती जागा व्यापतो? फार तर पाच टक्के. बाकी सगळं निळं-काळं आकाश आणि अंधारलेले डोंगर. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या फ्रेमची सरासरी बघतो, फ्रेम काळोखी वाटते म्हणून उजेड वाढवतो, आणि त्यात तो पाच टक्क्यांचा तुकडा भाजून निघतो.

इथे एक अर्धवट ठाऊक असलेला नियम आणखी नुकसान करतो. "बर्फ असेल तर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवा" असं आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं (एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं, कमी करणं म्हणजे निम्मा). तो नियम बरोबर आहे, पण फ्रेमभर उन्हातला बर्फ असतो तेव्हाचा. पहाटे फ्रेमभर अंधार असतो, त्यामुळे दुरुस्ती उलट्या दिशेने करावी लागते. कॅमेरा ऑटोवर किंवा ॲपर्चर प्रायॉरिटीवर असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दीड ते उणे दोनवर ठेवूनच सुरुवात करा.

माझी स्वतःची पद्धत स्पॉट मीटरिंगची आहे. लेन्स माथ्यावर रोखायची, मधला ठिपका उजळलेल्या बर्फावर ठेवायचा, मीटर जे दाखवेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यायचा आणि मॅन्युअलवर ते पक्कं करायचं. मीटरने सांगितलं तेवढंच दिलं तर बर्फ मळकट दिसतो. दोन स्टॉप जास्त दिले तर तो पांढरा होतो आणि रंग पातळ पडतो. एका स्टॉपवर गुलाबी रंग गुलाबीच राहतो. अंदाज यावा म्हणून आकडा देतो: आयएसओ १००, एफ ८ ला पहिल्या किरणाच्या वेळी शटर साधारण १/२० ते १/३० सेकंदाच्या आसपास असतं. हा आकडा डोळे मिटून लावू नका. त्या दिवशीच्या हवेवर बरंच अवलंबून असतं.

एवढं करूनही पहिले दोन फोटो छान आणि पुढचे सगळे जळलेले, असं होतं का? मग तुम्ही मॅन्युअल लावून विसरलात. पहिल्या दहा मिनिटांत माथ्यावरचा उजेड दोन-तीन स्टॉपने वाढतो. डोळा त्याच्याशी जुळवून घेत जातो म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. दर मिनिटाला एकदा मीटर बघायचा आणि शटर एक-दोन क्लिक वेगवान करायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी ब्रॅकेटिंग, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे लागोपाठ फोटो, लावावं, पण खालच्या बाजूचं: एक नेहमीचा, एक उणे एक, एक उणे दोन. अधिकच्या बाजूचा फोटो इथे वाया जातो.

हिस्टोग्राम ठीक, तरी लाली गायब

हा बिघाड समजायला मला दुसरी खेप लागली. कॅमेऱ्याच्या मागे हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख, उजव्या भिंतीला टेकलेला नव्हता. मी निश्चिंत होतो. घरी पाहिलं तर माथा पिवळट, सपाट, त्यावर एकही रेघ नाही.

कॅमेऱ्यावर जो एकच पांढरा हिस्टोग्राम दिसतो तो बहुधा उजळपणाचा असतो. त्या हिशोबात हिरव्या रंगाला निम्म्याहून जास्त वजन असतं आणि लालला एक तृतीयांशाहून कमी. पहाटेच्या बर्फावर लाल प्रकाशच सर्वांत जास्त असतो, कारण क्षितिजालगत हवेतून लांबून येताना निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो. त्यामुळे लाल चॅनल केव्हाच भरून वाहत असतो आणि हिस्टोग्रामला त्याचा पत्ता नसतो. लाल आणखी वाढू शकत नाही, हिरवा आणि निळा मात्र वाढत राहतात. म्हणून लालचा केशरी होतो, केशरीचा पिवळा, पिवळ्याचा पांढरा. डोळ्यांसमोर डाळिंबी असलेला माथा फोटोत लिंबासारखा दिसतो तो याच कारणाने.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि फक्त लालकडे बघा. तो उजव्या भिंतीच्या थोडा अलीकडे थांबला पाहिजे. आणखी एक काम: पिक्चर स्टाइल 'न्यूट्रल' ठेवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढत असलात तरी हिस्टोग्राम आणि जळलेल्या जागी लुकलुकणारी सूचना कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगवरून बनते. 'व्हिव्हिड' किंवा 'लँडस्केप' लावलं असेल तर ते आकडे खऱ्यापासून लांब जातात. आणि रॉमध्येच काढा. दोन जीबी कार्ड वाचवून पुन्हा मानेभंज्यांगपासून चढायचं आहे का?

खालचे डोंगर काळे येतात, त्याचं काय, असं लगेच विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: येऊ द्यात. दरीत ढगांचा समुद्र आणि त्यातून वर आलेल्या काळ्या धारा, हे त्या पहाटेचं खरं रूप आहे. सगळं सारखं उजळलेलं हवं असेल तर ट्रायपॉड न हलवता खालच्या भागाचा वेगळा फोटो घेऊन नंतर जोडता येतो. अर्धा काळा, अर्धा पारदर्शक फिल्टर इथे उपयोगी पडत नाही. शिखरांची रेघ करवतीसारखी आहे, फिल्टरची कड सरळ.

एक्स्पोजर बरोबर, रंग फिका

ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच मुळी रंगाची झाक काढून पांढरं पांढरं दाखवण्याचं. लग्नाच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली ते उपकारक असतं, इथे ते गुलाबी रंगालाच दोष समजतं. 'डेलाइट' लावा, किंवा आकडा देता येत असेल तर ५२०० ते ५५०० केल्व्हिन. मग सावलीतला बर्फ निळा दिसेल. तो निळाच असतो, त्याला वरच्या आकाशाचा उजेड मिळत असतो. त्या निळ्याशेजारीच लाली उठून दिसते, म्हणून तो घालवू नका. रॉमध्ये काढला असेल तर हे घरी येऊनही बदलता येतं. जुने 'फिके' फोटो असतील तर आधी हे करून बघा, काही नक्की वाचतील.

लेन्सवर पोलरायझर असेल तर पहाटे काढून ठेवा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो. शिवाय कांचनजंगा सूर्यापासून काटकोनाच्या जवळपास असल्याने त्या बाजूच्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वांत जोरदार होतो. वाइड लेन्सने काढलं तर आकाशात मधोमध गडद पट्टा उमटतो.

फोटो हलल्यासारखा

२०० मिलिमीटरच्या लेन्सवर १/२० सेकंद म्हणजे ट्रायपॉड हवाच, आणि तिथला वारा ट्रायपॉडलाही हलवतो. मधला दांडा वर काढू नका. पाय अर्धेच उघडा, स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. ट्रायपॉडला टांगलेली सॅक वाऱ्यात झोके घेत असेल तर ती मदत करण्याऐवजी नुकसान करते, तिचं बूड जमिनीला टेकू द्या. शटरचं बटण बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावा. जिथे पर्यटकांची गर्दी असते तिथे बांधलेल्या गच्चीवर किंवा फळ्यांवर ट्रायपॉड लावू नका, शेजारच्याच्या पावलागणिक ती हलते.

फोकसचंही बघा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. आणि लेन्सची रिंग शेवटपर्यंत फिरवली की अनंतावर फोकस होतो, हे हल्लीच्या बऱ्याच लेन्सबाबत खरं नाही. ती अनंताच्या थोडी पुढे जाते. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करून हाताने फोकस करा. कॅमेरा खोलीतून गार हवेत आणल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी हे पुन्हा तपासा, लेन्स थंड होताना फोकस सरकू शकतो.

हे सगळं करूनही एव्हरेस्ट मऊमऊ येत असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. ते सांदकफूहून जवळजवळ १४५ किलोमीटर लांब आहे, मधली सगळी हवा फोटोत उतरते. त्याला उपाय ऋतूचा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर सर्वांत स्वच्छ. एप्रिलमध्ये गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, तो बघायला जरूर जा, पण त्या दिवसांत हवा बरेचदा धुरकट असते. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर मात्र पहाट चुकवू नका.

फक्त मोबाइल असेल तर

मोबाइलचा नाइट मोड आणि एचडीआर हेच बिघाड मोबाइलच्या आत, तुम्हाला न विचारता करतात: अंधार उजळतात, माथा दाबतात, रंग सपाट करतात. नाइट मोड बंद करा. स्क्रीनवर माथ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याच्या खुणेची पट्टी खाली ओढा. स्क्रीनवरचा फोटो डोळ्यांना जरा जास्तच काळोखी वाटेपर्यंत ओढा. अंधारात स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ भासते, म्हणून आपण नेहमी कमीच ओढतो. डिजिटल झूम टाळा.

बॅटरी, दव आणि परतीची दहा मिनिटं

नोव्हेंबरात सांदकफूला रात्री पारा शून्याखाली जातो. थंडीत लिथियम बॅटरी आतून मंदावते आणि ऐन वेळी कॅमेरा बंद पडतो. ती संपलेली नसते. काढून आतल्या खिशात, अंगाच्या उबेत दहा मिनिटं ठेवली की बहुतेकदा पुन्हा चालते. दोन बॅटऱ्या घ्या, रात्री दोन्ही झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा, पहाटे एक कॅमेऱ्यात आणि एक बनियनच्या खिशात.

फोटो पांढुरके, धुक्यातल्यासारखे आले असतील आणि हवा तर स्वच्छ होती, तर लेन्सवर दव होतं. बाहेर असताना ते बहुधा आपल्याच श्वासाचं असतं. फुंकर मारून काच पुसू नका, थंडीत ती वाफ तिथेच गोठते. कोरडा मायक्रोफायबरचा रुमाल वापरा.

सगळ्यात जास्त दव धरतं ते परत आल्यावर. साडेसहा वाजले, उजेड पांढरा झाला, बोटं बधिर झाली की सगळे लॉजच्या स्वयंपाकघराकडे धावतात. आत चूल पेटलेली, चहा उकळतोय, हवा उबदार आणि दमट. बर्फासारखा गार कॅमेरा तिथे उघडा नेला तर काही क्षणांत आतबाहेर पाणी सुटतं, आणि लेन्सच्या आतलं पाणी दुपारपर्यंत वाळत नाही. म्हणून बाहेरच, दाराच्या अलीकडे, कार्ड काढून खिशात घाला. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि पिशवी सॅकमध्ये ठेवा. सॅक चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात राहू द्या. तासाभराने उघडा, तोवर चहा घ्या.